बाइकची बॅटरी तपासताना या चुका टाळा

रात्री बाइकच्या बॅटरीला मल्टीमीटर लावला, 12.6 व्होल्ट आले. बॅटरी ठणठणीत आहे म्हणून सीट परत बसवली. सकाळी सेल्फ मारला तर गाडी नुसती टक-टक करून गप्प. माझ्याच 150 सीसीच्या गाडीवर हे घडलं आणि गॅरेजवाल्याने त्या एका आकड्यावर आधी स्टार्टर मोटर उघडायला घेतली. मोटरला काहीही झालेलं नव्हतं.

चूक होते ती इथे. गाडीत काहीही चालू नसताना बॅटरीवर दिसणारं व्होल्टेज फक्त चार्ज किती आहे ते सांगतं, बॅटरीची तब्येत सांगत नाही. तळाला गाळ साठलेली पाण्याची टाकी आठवा: वरून बघितलं तर काठोकाठ भरलेली, नळ सोडला की दोन बादल्यांत खलास. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो तेव्हा अगदी असंच होतं.

म्हणून खरी परीक्षा लोड देऊनच, म्हणजे बॅटरीतून जोराचा करंट ओढूनच होते. त्याला दोन माणसं लागतात. एकाने मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) टर्मिनलवर घट्ट धरायचे, दुसऱ्याने सेल्फचं बटण तीन-चार सेकंद दाबायचं. चांगल्या बॅटरीत आकडा साधारण 10 ते 11 पर्यंत उतरतो आणि इंजिन फिरतंय तोवर तिथेच टिकून राहतो. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकली असं समजा. माझ्या गाडीवर तो 12.6 वरून थेट 8.1 वर आला आणि बटण सोडताक्षणी परत 12.4 वर चढला. ती उडी बघितल्यावर शंका उरली नाही. मात्र ही चाचणी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवरच करायची. उतरलेली बॅटरी लोडखाली कोसळणारच. तेवढ्यावरून तिला बाद ठरवू नका.

फेरफटका मारून आल्यावर लगेच मोजणं

गाडी नुकतीच चाललेली असेल तर 13 च्या आसपास आकडा येतो आणि तो फसवा असतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता मोजा. 12.6 ते 12.8 म्हणजे फुल, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12.0 म्हणजे जेमतेम पाव. सीलबंद बॅटरीत फुल चार्जचा आकडा किंचित जास्त असतो. रात्रभर चार्ज करूनही आकडा 10.5 च्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक सेल गेलाय. ती बॅटरी कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी सुधारणार नाही.

टर्मिनल न बघता बॅटरी बदलणं

पावसाळ्यानंतर टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमते किंवा बोल्ट ढिला पडतो, आणि दोष बॅटरीच्या माथी जातो. एक प्रोब बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरा त्यालाच जोडलेल्या वायरच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा शून्याजवळ हवा. 0.2 च्या वर गेला तर करंट त्या सांध्यातच अडतोय. खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना टूथब्रश, नंतर पॉलिश पेपर, कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा हात, काम झालं. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना पॉझिटिव्ह आधी.

चार्जिंग न तपासणं

नवी बॅटरी चार दिवसांत उतरली की लोक कंपनीला नावं ठेवतात. इंजिन चालू करा, 4000-5000 आरपीएमपर्यंत रेस द्या आणि मोजा. 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. रेस देऊनही 13 गाठत नसेल तर मॅग्नेट कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) किंवा मधली वायरिंग बघा. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी आतून उकळवून मारतो.

चावी बंद असताना करंट गळतोय का, हेही बघण्यासारखं आहे, विशेषतः जीपीएस किंवा अलार्म बसवला असेल तर. 20 मिलीॲम्पियरची गळती किरकोळ वाटते, पण दिवसाला जवळपास अर्धा ॲम्पियर-अवर जातो. 5 एएचची (म्हणजे 5 ॲम्पियर-अवर क्षमतेची) बॅटरी दहा दिवसांत रिकामी! ही गळती मोजायला मीटर निगेटिव्ह वायर आणि टर्मिनलच्या मधे, 10 ॲम्पियरच्या खाचेत लाल प्रोब लावून जोडावा लागतो. त्या वेळी सेल्फला हात लावू नका. मोजून झाल्यावर लाल प्रोब आठवणीने व्होल्टच्या खाचेत परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी टर्मिनलवर प्रोब टेकताच शॉर्ट होईल.

दोन उद्योग कधीच करू नका

वायर टेकवून ठिणगी बघणं हा पहिला. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो पेटतो आणि तोंडावर ॲसिड उडतं. दुसरा म्हणजे चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'मॅग्नेट देतोय का' बघणं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. व्होल्टेज एकदम उसळलं तर ईसीयू, म्हणजे इंजेक्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग पडतो.

चार्जर लावायचा तर क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे 5 एएचला अर्धा ॲम्पियर. बॅटरीच्या दुकानात कारच्या बॅटऱ्यांसोबत रांगेत लावू देऊ नका, तिथला करंट हिला जास्त होतो. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, दोन रेघांच्या मधे. ॲसिड वरून घालायचं नाही, नळाचं पाणी तर नाहीच.

वॉरंटीत बॅटरी न्यायची असेल तर आदल्या रात्री ती फुल चार्ज करा, सकाळचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं आणि रेस दिल्यावरचं, असे तिन्ही आकडे मोबाइलवर व्हिडिओत घ्या. चार्जिंग बरोबर आहे हे त्यात दिसलं की दुकानदाराला गाडीवर बोट ठेवता येत नाही. माझी बॅटरी अशीच बदलून मिळाली. नवीवर सेल्फ मारताना आकडा 10.7 च्या खाली आलेला नाही.