रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेत बसू नका

रोममध्ये दिवसभर पायी फिरायचं म्हणजे सारखी तहान लागते, आणि कलोसियमच्या आसपासच्या गाड्यांवर छोट्या बाटलीचे पण भरपूर युरो जातात, चौघं असलात तर बघायलाच नको.

रस्त्यात जागोजागी लोखंडी खांबासारखे नळ दिसतील, खाली वाकलेली तोटी असते, त्यांना तिथे नासोने म्हणतात म्हणजे मोठं नाक. 1870 च्या दशकापासून आहेत, पाणी चोवीस तास वाहतं, गार असतं आणि पिण्याचंच असतं.

1. हॉटेलमधून निघताना रिकामी बाटली सोबत घ्या, काचेची नको, कलोसियममध्ये आत नेऊ देत नाहीत.
2. बाटली भरायची तर सरळ तोटीखाली धरा.
3. नुसतं प्यायचं असेल तर तोटीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते, वाकायला लागत नाही (मुलांना हे इतकं आवडतं की प्रत्येक नळाशी थांबावं लागतं!).

फक्त एक बघा, कुठेही 'नॉन पोताबिले' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.