कुत्र्याचा विमा घेताय? हप्ता बघण्याआधी या चुका टाळा

गेल्या जुलैत आमच्या चिंगीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी हिरड्या पिवळ्या दिसायला लागल्या. निदान झालं, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा आजार. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन, दिवसाआड रक्ततपासणी. चिंगी वाचली. विम्याचे कागद पाठवले आणि आठवड्याभरात उत्तर आलं : दावा नामंजूर, लेप्टोची लस दिल्याचा पुरावा नाही.

लस दिली होती. डॉक्टर घरी येऊन देऊन गेले होते. कार्ड काढून पाहिलं, तर तारीख होती, सही होती. पण बाटलीवरून सोलून चिकटवतात ते बारकं लेबल नव्हतं आणि दवाखान्याचा शिक्काही नव्हता. दोन बोटं रुंदीच्या त्या रिकाम्या चौकोनापायी सगळे पैसे अडकले.

म्हणून सगळ्यात आधी लसीचं कार्ड. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, हेपेटायटिस, रेबीज हे आजार लसीने टळू शकतात. लस वेळेवर दिलेली नसेल, तर यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. त्यातही लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते आणि ती चुकते. लेप्टोच्या जंतूंचे प्रकार बरेच आहेत, एक लस सगळ्यांना पुरत नाही. म्हणजे लस घेतलेल्या कुत्र्यालाही हा आजार होऊ शकतो. तेव्हा कामाला येतं ते कार्डच. प्रत्येक ओळीत तारीख, लेबल, सही आणि शिक्का आहे ना, ते आज घरी बघा.

दुसरी चूक म्हणजे फक्त हप्ता आणि विमा रक्कम बघून पॉलिसी निवडणं. समजा विमा रक्कम 50,000 आहे, पण शस्त्रक्रियेसाठीची मर्यादा 20,000 आणि त्यावर 10 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तुमचा वाटा. बिल 38,000 झालं, तर हातात येतात 18,000. उरलेले 20,000 तुमच्या खिशातून. हे आकडे जाहिरातीत दिसत नाहीत, पॉलिसीच्या आतल्या तक्त्यात असतात. एजंटकडे तो तक्ता आधी मागा. शिवाय आपल्याकडे बहुतेक वेळा आधी बिल भरायचं आणि मग पैसे परत मागायचे, अशीच पद्धत आहे. विमा घेतला तरी घरात थोडी रोख बाजूला ठेवावीच लागते.

आणि ही पॉलिसी नेमके कशाचे पैसे देते, तेही बघा. काही जुन्या धर्तीच्या पॉलिसी गाई-म्हशींच्या विम्याच्या साच्यातल्या आहेत : जनावर दगावलं, तर त्याच्या बाजारभावाइतकी भरपाई. रस्त्यावरून उचलून आणलेल्या चिंगीचा बाजारभाव कोण ठरवणार? गावठी कुत्र्यासाठी मृत्यूच्या भरपाईपेक्षा दवाखान्याच्या खर्चाचं कवच मोलाचं. काही योजना फक्त जातिवंत कुत्री घेतात, हेही आधीच विचारा. फॉर्मवर गावठीला ‘लॅब्रेडॉर मिक्स’ लिहून वेळ मारून नेऊ नका.

आपल्या कुत्र्याला कशाचा धोका आहे, ते डोक्यात ठेवून पॉलिसीतलं अपवादांचं पान वाचा. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल, तर खुब्याच्या आनुवंशिक दोषाबद्दल काय लिहिलंय? पग असेल, तर श्वासाच्या त्रासाबद्दल? नसबंदी न केलेली मादी असेल, तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. मग ती तातडीची शस्त्रक्रिया धरली आहे का? गोचीड तापाचा उपचार पुष्कळदा दाखल न करताच होतो. ओपीडी नसेल तर तो खर्च तुमचाच. मोठ्या जातींना वयाची अटही आधी लागते, कारण त्या लवकर म्हाताऱ्या होतात. चौथ्या-पाचव्या वर्षी ‘आता घेऊ’ म्हणाल, तर दार बंद झालेलं असू शकतं.

जुना आजार लपवू नका. ‘ते लिहू नका हो’ असं सांगणारे एजंट भेटतात. पण दाव्याच्या वेळी दवाखान्याची फाइल मागवली जाते आणि ‘दोन वर्षांपूर्वी गोचीड ताप’ ही ओळ तिथे डॉक्टरांच्याच अक्षरात असते.

ओळखीचा मुद्दाही आहेच. गाई-म्हशींच्या विम्यात कानात बिल्ला नसेल तर दावा मिळत नाही, हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या बाबतीत ते काम 15 अंकी मायक्रोचिप करते. चिप नसेल, तर समोरून आणि दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो द्या. नाव सगळीकडे एकच लिहा. पॉलिसीत ‘ब्रूनो’ आणि दवाखान्याच्या कागदावर घरातलं ‘बाळू’ असं झालं, की प्रश्न सुरू.

कुत्रा शेजाऱ्याला चावला तर द्यावी लागणारी भरपाई काही योजनांत धरलेली असते. पण निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली शिक्षा झाली, तर ती विम्याने टळत नाही. पट्टा लागतोच.

दावा नाकारला गेलाच, तर फोनवर वाद घालत बसू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तिथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. डॉक्टरांच्या रजिस्टरात त्या दिवशीच्या लसीचा बॅच क्रमांक सापडला. त्यांनी लेटरहेडवर दाखला दिला आणि तीन आठवड्यांनी पैसे जमा झाले. आता डॉक्टर घरी आले, की त्यांनी चप्पल घालायच्या आत मी कार्डावरचं लेबल बघते आणि फोटो काढते.