पोरांना साताऱ्याचा वेढा कसा दाखवाल?

गाडी अजिंक्यताऱ्यावर जाते, तरी पायीच चढवा. पोरांना दम लागू दे. वर उत्तरेच्या कडेला उभं राहून शहरापलीकडचं करंजे दाखवा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाची छावणी तिथं पडली होती. गड प्रयागजी प्रभू लढवत होते.

मग मंगळाई बुरूज. इथं घाई नको. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. एका स्फोटात तट बाहेर ढासळला नि हल्ल्याला टपलेले त्यांचेच शेकडो लोक गाडले गेले. खालचा उतार वाकून बघायला सांगा, पोराची कॉलर धरून! दगड कुठं गेले असतील ते आपोआप कळतं.

पुढं गड सोडावा लागला, हेही सांगा. बरेच जण ते गाळतात. शेवटी सज्जनगडाकडे बोट करा: पुढचा वेढा तिथंच पडला.