प्रेस शॉपमध्ये सेफ्टी खरोखर चालू करायची असेल तर

पुण्याच्या भोसरी-चाकण साइडला ज्यांची छोटी प्रेस शॉप, म्हणजे मशीनने पत्रा दाबून पार्ट काढायची वर्कशॉप, आहेत किंवा जे तिथे सुपरवायझर आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी आधी ज्या शॉपला होतो तिथे नाइटला एका पोराच्या तर्जनीची दोन पेरं गेली. प्रेस डबल मारतेय, म्हणजे एकदा दाबलं की दोनदा खाली येतेय, हे त्याने दोन दिवस आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही म्हणालो ऑर्डर निघू दे मग बघू. तेव्हाच्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईची ताकद 11 टक्के कमी धरायचे, पण तो शर्टाची बटणं कशी लावतो ते मी बघितलंय, 11 टक्के नसतं हो ते.

म्हणून सुरुवात पोस्टर लावून नका करू, वहीपासून करा. प्रेसजवळ एक वही टांगा, डबल स्ट्रोक झाला, पार्ट उडाला, हात थोडक्यात वाचला, जे काही असेल ते ऑपरेटरने लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. डबल मारली की प्रेस तिथेच बंद, आणि बंद केली म्हणून त्याचा पगार कापायचा नाही. हे पहिल्या दिवशी मालकाने स्वतः सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही.

डबल बहुतेक वेळा क्लचची की (चाकाला शाफ्टशी जोडणारी खीळ) झिजल्याने नाहीतर ब्रेक ढिला झाल्याने मारते. वेळेत दुरुस्ती केली तर हात वाचतो आणि डाय, म्हणजे पार्टचा साचा, तीही वाचते, मालकाचा फायदा इथेच सुरू होतो. अपघात झाला की चौकशी, प्रेस बंद, डिस्पॅच अडकतं आणि बाकीची पोरं पण घाबरून काम करतात ते वेगळंच.

पेडल काढा, दोन हातांची बटणं बसवा, दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक. पण रोज चेक करा, कारण पीस वाढवायला एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी स्वतः पकडलंय. दोष त्या पोराचा नाही, टार्गेट तसं दिलं होतं.

डाय सेटिंगला, म्हणजे सेटर प्रेसमध्ये डाय बसवतो तेव्हा, सगळ्यात जास्त सांभाळा. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरतच असतं, तेवढ्यात क्लच लागला तर रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येतो. चाक पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही, रॅमखाली ब्लॉक ठेवायचा, मेन स्विचला कुलूप आणि चावी सेटरच्याच खिशात.

शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं बोला, यूपी-बिहारची पोरं असतील तर हिंदीत. ईएसआयचा (सरकारी कामगार विम्याचा) नंबर पहिल्या दिवशीच काढा, अपघात झाल्यावर पळापळ नको. आणि नवीन पोराला पहिला आठवडा एकट्याने प्रेसवर बसवू नका, ऑर्डर कितीही अर्जंट असली तरी.