दिवाडी बेटावर चार दिवस राहायला जाताय? मग निघायच्या आधी एवढं बघा

कोल्हापूरकरांना गोवा काय नवीन नाही, शनिवारी पहाटे गाडी काढली की दुपारच्या जेवणाला आपण तिकडं, पण त्या गोव्यात आणि मी आता सांगतोय त्या गोव्यात लई फरक आहे. यंदा दिवाळी झाली की मी, बायको, आई आणि थोरली आत्या असे चौघं चार दिवस दिवाडीला जाऊन राहणार आहोत. मांडवी नदीतलं बेट, जुने गोव्याच्या अगदी समोर, आणि पूल नाही, फेरीबोटीनंच जायचं. कोकण रेल्वे त्या बेटावरून जाते पण थांबत नाही, स्टेशन पलीकडं करमळीला. त्यामुळं शांतता टिकून आहे. आणि घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की तिथं बीच नाही. नदी, भातशेती, खाजणं (म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), जुनी कौलारू घरं आणि टेकडीवर पिएदादचं चर्च, बस. ज्याला समुद्रात डुंबायचंय तो दुसऱ्याच दिवशी कंटाळणार आणि बाकीच्यांनाही बसू देणार नाही.

सगळ्यात आधी तारीख. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो, बेटभर माणसं आणि वाद्यं, तो बघायचा तर त्यासाठी वेगळं जावं, विश्रांतीला जाणाऱ्यानं तो आठवडा टाळावा. दुसरं म्हणजे जुने गोव्याचं फेस्त म्हणजे सेंट झेवियरचा उत्सव ३ डिसेंबरला असतो आणि त्याच्या नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून सुरू होतात, फेरीचा धक्का तिथंच जवळ असल्यानं त्या दिवसांत गाडी घेऊन धक्क्यापर्यंत जायलाच वेळ लागतो. म्हणून आम्ही २४ च्या आधीचे चार दिवस धरलेत, तेही सोमवार ते गुरुवार. पावसाळा संपल्यावर हवा बरी आणि खाजणात पाणी पण असतं.

आता रस्ता. निपाणी, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढं बहुतेक जण म्हापसा-पणजी करून जुने गोव्याच्या नाहीतर रायबंदरच्या धक्क्यावर जातात. मी सांगेन बांद्यावरून दोडामार्ग, डिचोली करत नार्व्याला उतरा, पणजीचं ट्रॅफिक लागत नाही आणि नार्व्यातनं पण दिवाडीला फेरी आहे. आणि मुख्य म्हणजे वाटेत सप्तकोटेश्वराचं देऊळ. हा देव मूळचा दिवाडीवरचा, गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत, पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडं इकडच्या नार्व्यात आणलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ नव्यानं बांधायला लावलं. महाराजांच्या नावाचा शिलालेख दारावर आहे, २०२३ मध्ये सगळी डागडुजीही झाली. तिथं पाया पडून फेरीनं पलीकडं गेलं की दिवाडीवर मूळ देवळाच्या जागेजवळ दगडी पायऱ्यांचं तळं आहे, नाव कोटीतीर्थ. आपल्या कोल्हापुरात कोटीतीर्थ आहेच, त्यामुळं आत्याला हे सांगितल्यापासून तिची पिशवी भरून तयार आहे.

फेरीचं मात्र नीट समजून घ्या, कारण बेटावरचा सगळा दिवस फेरीवर चालतो. ज्यांच्याकडं राहणार त्यांना फोन करून तुमच्या धक्क्यावरनं शेवटची फेरी किती वाजता सुटते हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा, दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी सांगितलेलं धरून चालू नका. मागच्या वेळी आम्ही आंबोलीत भजी-चहात रमलो, पुढं घाटात ट्रक बंद पडलेला, धक्क्यावर पोचलो तर फेरी पलीकडं जाऊन बांधलेली. समोर बेटावरचे दिवे दिसतायत आणि आई गाडीत पाय आखडून बसलेली, शेवटी रात्र एका लॉजवर काढली. तेव्हापासून नियम केलाय, कोल्हापूर पहाटे ५ ला सोडायचं आणि दुपारच्या फेरीत बसायचं. धक्क्यावर लोखंडी फळी खाली पडते, आधी पलीकडची माणसं आणि गाड्या उतरतात, मग आपण हळू चढवायची, आतला माणूस हात करेल तिथं लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि फळीवर पाणी असतंय म्हणून म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवून हाताला धरून चालवत न्यायचं. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा.

औषधांत हयगय नको. आईची बीपीची आणि शुगरची गोळी चार दिवसांची नाही तर आठ दिवसांची घेतली, दोन वेगळ्या पिशव्यांत. मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, पण ते नदीपलीकडं आहे, म्हणून रात्री-अपरात्री लागलं तर फेरीचं काय करायचं हे घरमालकांना आधीच विचारून त्यांचा नंबर फोनवर आणि कागदावर लिहून घेतलाय. ओआरएस, गुडघ्याचा पट्टा, डासांची क्रीम, टॉर्च. पेट्रोल आणि कॅश फेरीच्या अलीकडंच बघायची.

खाण्याचं सामान थोडंच घ्या. आम्ही ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण चटणीची बरणी, गूळ आणि भडंग एवढंच नेतोय, कारण आईला सकाळी भाकरी लागते. बाकी सगळं तिथलं खायचं. सकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरनं भोंगा वाजवत येतो, पोळीसारखी फुगलेली कोंड्याची पोई गरम गरम देतो, भोंगा ऐकू आला की पैसे घेऊन गेटवर उभं राहायचं, तो थांबत नाही फार. घरच्या ताईंना आदल्या दिवशी सांगितलं तर खाडीतला चोणक मासा नाहीतर तिसऱ्या करून देतात. तांबडा-पांढरा चार दिवस नाही मिळाला तर काही बिघडत नाही.

पायताणाचं मुद्दाम सांगतो, आपली कातडी कोल्हापुरी तिकडं नका नेऊ. खाजणाच्या बांधावर चिखल असतो, चामडं भिजलं की कडक होऊन पाय कापतं, रबरी सोलची साधी सँडल न्या. संध्याकाळी त्याच बांधावरनं चालायला मिळतं, मध्ये मध्ये मानस असतो म्हणजे लाकडी दारं, भरतीचं खारं पाणी आलं की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात, शेत खारं होत नाही. आई शेतकऱ्याच्या घरातली, मागच्या वेळी अर्धा तास तिथं उभी राहून बघत होती. दुर्बीण असेल तर घ्या, बगळे, खंड्या भरपूर. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं, खारफुटीतनं होडीनं फिरता येतं पण भरती असेल तेव्हाच, म्हणून त्या दिवसाची भरतीची वेळ आधी बघून ठेवा. नदीत पोहायला मात्र उतरू नका, जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि कृष्णाकाठच्यांना मगरीचं वेगळं सांगायला नको.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, कळकळीनं सांगतो. तिथं लोक राहतात, संध्याकाळी चर्चची घंटा आणि पोरांचा फुटबॉल एवढाच आवाज, त्यासाठीच तर आपण एवढ्या लांब जातोय. चर्चमध्ये जायला अंगभर कपड्यांचा एक जोड, आईसाठी कडक पाठीची घडीची खुर्ची, आत्याची पोथी, आणि माझ्याकडनं ऑफिसला चार दिवसांचा रीतसर रजेचा अर्ज, नाहीतर लॅपटॉप बरोबर येतो.

राहिलं घरचं. शेजारच्या काकूंकडं चावी आणि तुळशीला पाणी, गॅसचा कॉक बंद, आणि दूधवाल्याला सोमवार ते गुरुवार नको म्हणून सांगायचं, शुक्रवारी सकाळी मात्र एक लिटर जादा, कारण परत आल्यावर आईला पहिला चहा आपल्या म्हशीच्या दुधाचाच लागतो.