म्हातारपणी घरात पडणं: या चुका टाळा

"पाय घसरला असेल", "वय झालंय, तोल जायचाच". घरातलं वडीलधारं माणूस पडलं की चौकशी बहुतेक वेळा इथेच थांबते. लेप लागतो, दुखणं ओसरतं आणि ज्या कारणाने माणूस पडलं ते कारण घरात तसंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के लोक दरवर्षी पडतात. एकदा पडलेल्याची पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. म्हणून हाड मोडलेलं नसलं तरी पहिलं पडणं सोडून देऊ नका.

पुष्कळ आजी-आजोबा पडल्याचं सांगतच नाहीत. आता एकटं फिरू देणार नाहीत, ही भीती असते. न रागावता तीन गोष्टी विचारा: पडण्याआधी काय करत होता, डोळ्यांपुढे अंधारी आली का, आणि शेवटची गोळी कधी घेतली. अर्धं निदान या उत्तरांतून हाती लागतं.

उठल्या उठल्या चालायला लागणं

पहाटे लघवीची घाई होते, माणूस ताडकन उठतं आणि चार पावलांवर कोसळतं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे ओढलं जातं. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. उतारवयात, आणि जुना मधुमेह असेल तर विशेष, हे आवळणं मंदावतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे बीपी फक्त बसून मोजणं. बसल्यावर १३०/८० आलं की सगळे निश्चिंत होतात. तपासणी अशी करा: ५ मिनिटं आडवं राहून मोजा, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी शेजारी कुणीतरी हवं आणि मागे खाट हवी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

रोजची सवय अशी लावा: खाटेच्या कडेला बसायचं, दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची, घोटे १५ वेळा वर-खाली करायचे, आधार धरून उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे आणि मगच पाऊल टाकायचं. भरपेट जेवणानंतरच्या तासा-दोन तासांतही बीपी उतरतं. दुपारी जेवून उठतानाही हीच शिस्त पाळा.

गोळ्यांकडे लक्ष न देणं

बीपीच्या गोळीच्या जोडीला प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झालं की उभं राहताना चक्कर येऊ शकते. पाणी काढणारी गोळी संध्याकाळी उशिरा घेतली तर रात्रभर खेपा होतात. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्यांची गुंगी पहाटेपर्यंत उरते. पण बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम थांबवणंही धोक्याचं आहे, ती डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा सुस्ती आणतं.

एकादशीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने गोळी नेहमीसारखी घेतली आणि निरंकार उपास केला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस पडतं. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं, हे आधी विचारून ठेवा.

पायांत मुंग्या येत असतील, चप्पल निसटली तरी कळत नसेल, तर मधुमेहाबरोबर बी-१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्या. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी घेत असेल तर बी-१२ कमी पडण्याची शक्यता बरीच असते. तळव्याला जमीन नीट जाणवली नाही की तोल सावरत नाही.

न्हाणीघरातल्या चुका

ओल्या फरशीवरून उठताना हाताला पहिली गोष्ट लागते ती नळ किंवा टॉवेलची दांडी. माणसाचा भार पेलण्यासाठी या दोन्ही गोष्टी बसवलेल्या नसतात. रबरी कप दाबून चिकटवायचे दांडेही ओल्या टाइलवर सुटतात. भिंतीत ड्रिल करून फास्टनरने पक्का केलेला स्टीलचा दांडा हवा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर. एक कमोडशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने जोर लावून ओढून बघावं.

पाटावर बसून अंघोळ करायची सवय गुडघे दुखू लागल्यावर सोडावी. रुंद पायांचं, खाली रबरी बुटं असलेलं स्टूल घ्या. बसल्यावर गुडघे साधारण काटकोनात यायला हवेत. बादली आणि तांब्या वाकावं लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. साबण खाली पडला तर उचलायला जायचं नाही, म्हणून तो जाळीच्या पिशवीत घालून दांड्याला लटकवा.

दाराची आतली कडी ही दुर्लक्षिलेली गोष्ट आहे. माणूस आत पडलं, कडी लावलेली आहे आणि दार आत उघडतं, म्हणजे त्याच्या अंगालाच दार अडतं. दार बाहेर उघडेल असं करून घ्या, किंवा बाहेरून उघडता येणारी कडी बसवा. तोवर कडी न लावता बाहेर टॉवेल टांगायचा, एवढी खूण पुरते.

रात्री काशाच्या वाटीने तळवे घासून घेण्याची पद्धत सुखाची आहे, ती बंद करायला नको. मात्र खाली पाय ठेवण्याआधी तळवे कोरड्या फडक्याने पुसलेच पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर तेलकट पाऊल साबणासारखं सरकतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही हेच.

घरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात: सरकणारं पायपुसणं काढा, किंवा रबरी तळाचं आणा. चार्जरची वायर वाटेत नको. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. सैल स्लीपरऐवजी मागे पट्टा असलेली, झिजलेला नसेल अशा तळव्याची चप्पल वापरा. वाचायचा आणि दूरचा नंबर एकाच भिंगात असलेला चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी अंधुक दिसते, म्हणून बाहेर जाताना फक्त दूरचा चष्मा वेगळा असलेला बरा.

काठी चुकीच्या हातात

डावा गुडघा दुखतो म्हणून काठी डाव्या हातात धरलेली सर्रास दिसते. ती उजव्या हातात हवी. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे पडतात आणि भार वाटला जातो. उंचीसाठी चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ यायला हवी. पणजोबांची शिसवी काठी कितीही आवडती असली तरी उंची जुळत नसेल तर ती भिंतीवरच शोभते. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

"तुम्ही उठू नका, आम्ही देतो"

प्रेमापोटी केलेली ही चूक सगळ्यात महागात पडते. पडण्याच्या भीतीने हालचाल थांबली की मांड्यांचे स्नायू उतरतात, आणि मग बसल्या जागेवरून उठतानाही तोल जातो. घरीच बघता येतं: खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं समजा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या.

तोवर स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा १० वेळा उचलणं आणि हात न टेकता खुर्चीतून ५ ते १० वेळा उठणं रोज करता येतं. त्याला खाण्याची जोड हवी. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. रात्री नुसता मऊ भात आणि दूध घेऊन ती भरत नाहीत. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडं यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

पडल्यानंतर घाईने उचलणं

काखेत हात घालून लगेच उभं करू नका. जांघेत तीव्र दुखत असेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुब्याचं हाड मोडल्याची दाट शंका घ्या. हलवू नका, मालीश करू नका, १०८ ला फोन करा. खुब्याचं हाड मोडलं असता "या वयात ऑपरेशन कशाला" म्हणून अंथरुणाला खिळवून ठेवलं तर न्यूमोनिया, शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. प्रकृती पेलत असेल तर ऑपरेशन पहिल्या दोन दिवसांत झालेलं चांगलं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला, तर माणूस ठीक बोलत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळूही वाढतो. पुढच्या दिवसांत, कधी काही आठवड्यांनीही, डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला तर थांबू नका.

मोठी दुखापत नसेल तर उठायचं असं: आधी एका कुशीवर वळा, कोपरावर या, मग गुडघे आणि हात टेकून खुर्चीपर्यंत सरका. खुर्ची कुणी धरलेली किंवा भिंतीला टेकलेली हवी. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, बळकट पाय पुढे घेऊन रेटा द्या आणि वळून बसा. हे पडण्याआधीच, सतरंजीवर, घरातलं माणूस जवळ असताना दोन-तीनदा करून बघा.