सुट्टीचा आठवडा आणि आईसाठी एक शब्दखेळ

सुट्टीत हौसेखातर प्रोग्रॅम लिहायचा असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा. एकच, आणि शक्यतो घरातलं. ‘ॲप काढू, सगळ्यांना देऊ’ असं मनात आलं की लॉगिन आलं, सर्व्हर आला, पासवर्ड विसरलेले लोक आले. म्हणजे ऑफिसच झालं, फक्त पगाराविना.

माझं गिऱ्हाईक म्हणजे आई. डिसेंबरात उरलेल्या रजा लॅप्स व्हायच्या आत मी पुण्याहून मिरजेला येते. आई रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवते, तेही पेनने. पेन्सिल म्हणजे तिच्या मते भित्रेपणा. तिच्यासाठी मी रोज एक तीन अक्षरी शब्द ओळखायचा खेळ लिहिला. वर्डल या इंग्रजी शब्दखेळाची ही मराठी आवृत्ती म्हणा. वर्डलमध्ये आपण टाकलेल्या शब्दातलं जागेवरचं अक्षर हिरवं होतं, उत्तरात असलेलं पण दुसऱ्या जागचं पिवळं. जॉश वॉर्डलने मूळ खेळ त्याच्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी केला होता. पाच अक्षरी इंग्रजी शब्द होते १२,००० च्या आसपास, त्यांतून ओळखीचे अडीचेक हजार तिनेच निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकतही घेतला. एका माणसासाठी लिहिलेलं असं कुठवर जाईल सांगता येत नाही, पण सुरुवात करताना तो विचार नको.

सामान फारसं लागत नाही. ऑफिसचा लॅपटॉप आणू नका. नियमांचा प्रश्न आहेच, शिवाय तो उघडला की चॅटवर हिरवा ठिपका दिसतो आणि कोणीतरी ‘एकच मिनिट’ म्हणतं. घरचा जुना लॅपटॉप, साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर, बस्स. अख्खा खेळ एका एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे एका वेबपानात मावतो, त्यातच जावास्क्रिप्ट ही ब्राउझरला कळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा. फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, नको. एआयला सांगितलं तर हे दहा मिनिटांत होईल, हे मलाही माहीत आहे. मग उरलेला आठवडा मी काय करू? स्वेटर विणू?

एक चैन मात्र जरूर करा: व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅम ज्यांत माहिती ठेवतो त्या डब्यांची, नावं मराठीत ठेवा. जावास्क्रिप्टला आणि पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. ‘शब्द’, ‘तुकडे’, ‘उरलेली’ अशी नावं ऑफिसात कोण ठेवू देणार?

आता खरं काम. कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द आई तीन अक्षरी म्हणते: वि, द्या, र्थी. त्याचीच लांबी जावास्क्रिप्टला विचारा, उत्तर येतं दहा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, व वेगळा, पहिली वेलांटी वेगळी, द, पाय मोडल्याची खूण, य, काना, र, पुन्हा पाय मोडल्याची खूण, थ आणि दुसरी वेलांटी, असा प्रत्येकाचा स्वतंत्र नंबर असतो. त्यामुळे खेळाचा पहिला भाग म्हणजे शब्दाचे अक्षरांत तुकडे करणं.

ब्राउझरमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ नावाची तयार सोय आहे. पण युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात जोडाक्षर एकत्र धरायला २०२३ च्या १५.१ आवृत्तीत सुरुवात झाली. त्याआधीच्या नियमाने वि, द्, या, र्, थी असे पाच तुकडे पडतात. आईच्या फोनमध्ये काय आहे यावर खेळ अवलंबून ठेवण्यापेक्षा नियम आपणच लिहिलेला बरा, आणि मजाही त्यातच आहे. एक व्यंजन घ्या. त्याच्यामागे असला तर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब. मग ‘पाय मोडल्याची खूण आणि पुढचं व्यंजन’ ही जोडी कितीही वेळा येऊ द्या. मग असली तर एक मात्रा, शेवटी अनुस्वार किंवा विसर्ग. नाहीतर नुसता स्वर आणि त्यावर अनुस्वार. हे एका ओळीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात, बसतं. स्वर ओळीने एकाच पट्ट्यात आहेत, पण ॲ बिचारा त्यांच्यापासून लांब, वेगळ्या जागी बसवला आहे. त्याला नावानिशी बोलवा, नाहीतर ‘ॲलर्जी’तला ॲ गायब होतो.

तुकडे करण्याआधी शब्दाला आंघोळ घालावी लागते. दिसायला एकच असलेला शब्द दोन तऱ्हांनी टाइप केलेला असू शकतो. ॲ हे एकच अक्षर म्हणूनही येतं, आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची सोय, नॉर्मलायझेशन, या दोघांना एक मानत नाही, तेव्हा ती अदलाबदल आपण करायची. ‘दऱ्या’ मधला र त्याहून लबाड. काही कीबोर्ड तिथे ऱ हे वेगळं अक्षर घालतात. काही साधा र, पाय मोडल्याची खूण आणि मागे झेडडब्ल्यूजे नावाचा न दिसणारा जोडवर्ण. इंटरनेटवर सल्ला मिळतो की न दिसणारे वर्ण सरसकट काढून टाका. तसं केलंत तर दऱ्यांचा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून आधी ‘र, खूण, जोडवर्ण’ हे त्रिकूट शोधून त्याच्या जागी ‘ऱ आणि खूण’ ठेवा, आणि मगच बाकीचे न दिसणारे वर्ण झाडून काढा. शेवटी एकदा ‘नॉर्मलाइज’ चालवा. आईने टाइप केलेला शब्द आणि यादीतला शब्द, दोघांनाही हीच आंघोळ.

आता रंग. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनं गुणिले चौदाखडी केली तरी ४७६, आणि जोडाक्षरं वेगळीच. नुसत्या हिरव्या-पिवळ्यावर मराठी शब्द ओळखणं म्हणजे छळ आहे. म्हणून तिसरा रंग ठेवा: व्यंजन बरोबर, मात्रा चूक. उत्तर ‘पाटली’ असेल आणि आईने ‘पोपट’ लिहिलं, तर पो ला हा निळा रंग. जोडाक्षरात पहिलंच व्यंजन बघायचं, एवढं पुरतं. पिवळ्याऐवजी मी गडद नारिंगी घेतला. पांढऱ्यावरचा पिवळा साठीनंतरच्या डोळ्यांना नीट दिसत नाही.

रंग देण्याचं काम तीन फेऱ्यांत करा, एका नाही. समजा उत्तर ‘चकली’ आहे आणि आईने ‘चमचा’ टाकलं. पहिला च जागच्या जागी, हिरवा. मग शेवटच्या चा ला निळा द्यायचा का? नाही, कारण उत्तरात च एकच आणि तो हिरव्याने खाल्ला. पहिल्या फेरीत जागेवरची अक्षरं हिरवी करून उत्तरातून खोडायची. दुसरीत उरलेल्यांत तेच अक्षर दुसऱ्या जागी सापडलं तर नारिंगी आणि खोडायचं. तिसरीत उरलेल्यांतच व्यंजन जुळतं का बघायचं. खोडलं नाही तर खेळ थापा मारतो, आणि आईसारखी खेळणारी ते लगेच पकडते: “अगं, दुसरा च कुठाय यात?”

टाकलेला शब्द खरा आहे का, हे तपासायच्या भानगडीत पडू नका. घराला, घराचा, घरात अशी रूपं एकेका शब्दाला इतकी होतात की कुठलीच यादी पुरणार नाही. तीन अक्षरं भरली की चाललं. ओळखायच्या शब्दांची यादी मात्र हाताने करा. मी आईच्याच मैत्रिणीला वही दिली. तिने उखळ, परडी, शेवगा, पाटली असले शब्द काढले. माझ्या डोक्यात आधी ‘मोबाइल’ आला होता, आणि तो चार अक्षरी निघतो.

यादी एकदाच पिसा आणि तशीच गोठवा. कुठल्यातरी तारखेपासून किती दिवस झाले ते मोजा, यादीच्या लांबीने भागा, बाकी उरेल तो आजचा शब्द. इथे एक खड्डा आहे: तारीख जावास्क्रिप्टच्या ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ने काढलीत तर ती जागतिक वेळेची येते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे शब्द मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचला बदलेल. आई पाचला उठून चहा ठेवते आणि तिला कालचाच शब्द दिसणार. फोनच्या स्थानिक घड्याळातून वर्ष, महिना, दिवस घ्या आणि त्यावरून दिवस मोजा. टाइप करायला स्वतःचा कीबोर्ड काढत बसू नका. साधी चौकट द्या. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डवर आईला मराठी येतंच, कंटाळा आला तर ती बोलूनही टाकते.

वेळेबद्दल माझा नियम कडक आहे: नाश्त्यानंतर बसायचं, जेवणाची हाक आली की उठायचं. काम अडलेलं असलं तरी, किंबहुना अडलेलं असेल तर नक्कीच. उठण्याआधी पुढे काय करायचं ते कोडमध्येच एका ओळीत लिहून ठेवायचं, शक्य तर अर्धवट फंक्शनच्या डोक्यावर. दुपारी झोप. संध्याकाळी मी सतारमेकर गल्लीतून चक्कर मारते, भोपळ्याचे तुंबे बघत. नाहीतर कोणाच्या तरी रानात हुरड्याचं आमंत्रण असतंच. रंगांच्या फेऱ्यांचा घोळ मला असाच हुरडा खाताना सुटला, लॅपटॉपसमोर नाही.

परतायच्या आदल्या दिवशी नवीन काही घालू नका. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर फोनमध्ये ती धड उघडेलच असं नाही आणि आधीचे निकालही जपले जातील याची खात्री नाही. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर पब्लिक रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्यांना खुल्या फाइलींच्या साठ्याला, फुकट जागा मिळते. तिथे चढवा, आईच्या फोनवर उघडा आणि होम स्क्रीनवर चिकटवून द्या. निकाल लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्येच, राहू द्या, सर्व्हरची गरज नाही. शब्दांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कारण आठवड्याभरात फोन येणार: “हे शब्द फार सोपे आहेत.” नवे शब्द नेहमी यादीच्या शेवटी जोडा, आणि यादीची पहिली फेरी संपायच्या आत. मध्ये घातलेत किंवा फेरी उलटल्यावर लांबी बदललीत, तर शब्दांचा क्रम सरकतो आणि परवाच येऊन गेलेला शब्द पुन्हा समोर येतो.